खंडांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये: भूगणितीय व्हीएलबीआयची अचूकता येते कुठून, हरवते कुठे

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं वेस्टफर्ड आणि जर्मनीच्या बव्हेरियातलं वेट्झेल या दोन ठिकाणच्या रेडिओ दुर्बिणींमध्ये सरळ रेषेत सुमारे ५,९९८ किलोमीटर अंतर आहे. अटलांटिकचा तळ रुंदावत असल्याने ते दरवर्षी साधारण १७ मिलिमीटरने वाढतं. सहा हजार किलोमीटरमधली ही वाढ पकडायची तर प्रत्येक मोजमाप काही मिलिमीटरच्या आत यायला हवं.

हे अंतर वेळ मोजून काढतात. अतिदूरच्या क्वेसारकडून, म्हणजे दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याकडून, आलेली रेडिओ लहर एका दुर्बिणीवर आधी आणि दुसरीवर किंचित नंतर पोचते. हा विलंब मोजला आणि क्वेसारची दिशा माहीत असली की दोन दुर्बिणींना जोडणाऱ्या आधाररेषेचा त्या दिशेतला घटक मिळतो. आकाशातल्या वेगवेगळ्या दिशांचे असे शेकडो विलंब एकत्र केले की पूर्ण आधाररेषा हाती येते. प्रकाश एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, ०.३ मिलिमीटर जातो. त्यामुळे इथला सगळा हिशेब पिकोसेकंदांत चालतो. विलंब ३० पिकोसेकंदांनी चुकला तर अंतर ९ मिलिमीटरने चुकतं.

जुन्नर तालुक्यात खोडदजवळ असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण हाही इंटरफेरोमीटरच आहे, म्हणजे अनेक तबकड्यांचे सिग्नल जुळवणारं यंत्र. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या साधारण २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. पण त्या ऑप्टिकल फायबरने एकाच केंद्राशी जोडलेल्या आहेत आणि त्यांचं मुख्य काम आकाशाचा अभ्यास हे आहे. व्हीएलबीआयमध्ये, म्हणजे अतिदीर्घ आधाररेषेच्या इंटरफेरोमेट्रीत, दोन केंद्रांमध्ये अशी तार नसते. प्रत्येक केंद्राचं घड्याळ स्वतंत्र असतं, सिग्नल डिस्कवर नोंदवला जातो आणि नंतर कोरिलेटरवर, म्हणजे नोंदी एकमेकींशी जुळवणाऱ्या संगणकावर, एकत्र केला जातो. भूगणितासाठी, म्हणजे पृथ्वी मोजण्यासाठी, प्रश्नही उलटा विचारतात: क्वेसार स्थिर मानायचा आणि जमीन कुठे आहे ते शोधायचं.

या मापांवर बरंच काही अवलंबून आहे. पृथ्वीच्या परिवलनाचं घड्याळ, ज्याला यूटी१ म्हणतात, ते १ मिलिसेकंदाने चुकलं तर विषुववृत्तावरची जागा अवकाशाच्या संदर्भात ४६ सेंटीमीटरने चुकते. उपग्रहांवर आधारलेल्या यंत्रणांना यूटी१ स्वतःहून टिकवता येत नाही, कारण सगळ्या कक्षा मिळून थोड्या वळल्या की पृथ्वी वळली, हे त्यांना वेगळं ओळखता येत नाही. म्हणून जीपीएस असो वा आपली नाविक, पृथ्वीचं वळण त्यांना बाहेरून पुरवावं लागतं. ते आंतरराष्ट्रीय व्हीएलबीआय सेवेच्या निरीक्षणांतून येतं. ही सेवा १९९९ मध्ये स्थापन झाली.

अचूकता वाढवायची म्हणजे मोठी तबकडी आणि थंड रिसीव्हर बसवायचा, असं पटकन वाटतं. नॉईज कमी करण्यापुरतं ते खरं आहे. पण आज मिलिमीटर अडतो तो मुख्यतः अशा चुकांमुळे, ज्यांचा आकार भूमितीसारखा असतो आणि ज्या सरासरी काढून जात नाहीत. पुढचं सगळं विवेचन या दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ठेवून वाचावं.

नॉईजची बाजू: वारंवारतेचा पसारा

विलंब मोजण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला थेट लहरीच्या फेजवरून, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठे आहे त्यावरून. ८.४ गिगाहर्ट्झला एक पूर्ण आवर्तन ११९ पिकोसेकंदांचं असतं, आणि फेज काही अंशांपर्यंत कळत असल्याने अचूकता एक-दोन पिकोसेकंदांवर सहज जाते. अडचण ही की मधली पूर्ण आवर्तनं किती झाली ते कळत नाही. हजारो किलोमीटरच्या आधाररेषेवर हवेची अनिश्चितताच कित्येक आवर्तनांची असते.

म्हणून दुसरा मार्ग वापरतात: वारंवारता बदलली की फेज किती बदलते, तो उतार मोजायचा. यालाच ग्रुप डिले म्हणतात. उतार अचूक मिळवायचा तर वारंवारतेची दोन टोकं एकमेकांपासून लांब हवीत. गवंडी विटांच्या थराची पातळी वीतभर अंतरात ठरवत नाही, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणतो. इथेही तोच न्याय आहे. मधली सगळी वारंवारता नोंदवायची गरज नसते. काही अरुंद चॅनेल दूरदूर ठेवले तरी चालतं. १९७० मध्ये अ‍ॅलन रॉजर्स यांनी मांडलेल्या या पद्धतीला बँडविड्थ सिंथेसिस म्हणतात.

तिचं सूत्र लहानसं आहे. विलंबातली अनिश्चितता म्हणजे १ भागिले (२ × पाय × सिग्नल-नॉईज गुणोत्तर × वारंवारतेचा परिणामी पसारा). परिणामी पसारा म्हणजे चॅनेलांच्या वारंवारतांचं त्यांच्या मध्यापासूनचं प्रमाण विचलन. आता आकडे घालून पाहू. जुन्या पद्धतीत एक्स-बँडचे चॅनेल सुमारे ८.२ ते ८.९ गिगाहर्ट्झमध्ये असतात आणि त्यांचा परिणामी पसारा साधारण २८० मेगाहर्ट्झ येतो. गुणोत्तर २० असेल तर अनिश्चितता २८ पिकोसेकंद, म्हणजे साडेआठ मिलिमीटर. व्हीगॉस या नव्या प्रणालीत ३ ते १०.७ गिगाहर्ट्झच्या दरम्यान चार पट्टे घेतात. तिथे पसारा सुमारे २.६ गिगाहर्ट्झ होतो आणि त्याच गुणोत्तरात अनिश्चितता ३ पिकोसेकंदांवर येते. तबकडी २० मीटरवरून १३ मीटरपर्यंत लहान करूनही माप सुधारलं, याचं मूळ या भागाकारात आहे.

गुणोत्तर २० मिळवणं अवघड नाही. व्हीगॉसच्या अपेक्षेप्रमाणे केंद्राची संवेदनशीलता, म्हणजे यंत्रणेच्या नॉईजएवढी तीव्रता, २,५०० जान्स्की (रेडिओ तेजाचं एकक) धरली, क्वेसार अर्धा जान्स्की धरला, एका पट्ट्यात एका ध्रुवणाचे (लहरीच्या कंपनाच्या एका दिशेचे) ३२ मेगाहर्ट्झचे ८ चॅनेल घेतले आणि ३० सेकंद नोंदवलं, तर दोन बिटांच्या नमुन्यातली घट धरून गुणोत्तर २२ च्या आसपास येतं. चार पट्टे आणि दोन ध्रुवणं एकत्र केली की ते ६० च्या पुढे जातं. किंमत मोजावी लागते ती डेटाच्या रूपात. ६४ चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला ६.४ कोटी नमुने, दर नमुन्याला २ बिट: सेकंदाला ८ गिगाबिटांहून थोडं जास्त, म्हणजे ३० सेकंदांत जवळजवळ ३१ गिगाबाइट, तेही प्रत्येक केंद्रावर.

चॅनेल कुठे ठेवायचे हीही विचार करण्याची गोष्ट आहे. सगळ्या चॅनेलांमधली अंतरं १० मेगाहर्ट्झच्या पटीत असतील, तर उत्तर दर १०० नॅनोसेकंदांनी पुन्हा तसंच दिसतं आणि खरं कोणतं ते निवडावं लागतं. म्हणून अंतरं असमान ठेवतात: काही जवळचे चॅनेल अशी संदिग्धता टाळायला, काही टोकाचे उतार पक्का करायला. चार पट्ट्यांच्या जागा ठरवतानाही हाच विचार असतो, आणि त्यात स्थानिक रेडिओ अडथळ्यांची भर पडते. मेरीलँडमधल्या गॉडर्ड केंद्रावर व्हीगॉसची १२ मीटरची तबकडी आहे. त्याच आवारात उपग्रहांच्या कक्षा मोजणाऱ्या डोरिस यंत्रणेचा, २ गिगाहर्ट्झजवळ प्रक्षेपण करणारा बीकन आहे, आणि उपग्रहांचं अंतर मोजणाऱ्या लेझर केंद्राचं विमानांवर नजर ठेवणारं रडार ९.४ गिगाहर्ट्झवर चालतं. रडारच्या दिशेने तबकडी वळली तर रिसीव्हरचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर संपृक्त होतो, त्यामुळे आकाशाचा तेवढा तुकडा निरीक्षणातून वगळावा लागतो. १०.७ गिगाहर्ट्झच्या वर उपग्रह-इंटरनेटचे डाउनलिंक आहेत. वरचा पट्टा तिथपर्यंत नेण्याची इच्छा असूनही हात आखडता घ्यावा लागतो, तो यामुळे.

आयनांबर: एकाच फेजमध्ये दोन उत्तरं

आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, जाताना लहरीला वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उशीर होतो. मार्गावरच्या एका प्रमाण एककाएवढ्या इलेक्ट्रॉनांमुळे, म्हणजे चौरस मीटरच्या स्तंभात १० चा १६ वा घात एवढ्या, ८.४ गिगाहर्ट्झला १९ पिकोसेकंद लागतात आणि २.३ गिगाहर्ट्झला सुमारे २५० पिकोसेकंद. जुन्या पद्धतीत एस आणि एक्स असे दोन बँड (२.३ आणि ८.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचे) घेऊन त्यांच्या फरकातून हा परिणाम काढून टाकत. त्यात एस-बँडमधला मोबाइल आणि वाय-फायचा गोंगाट उत्तरात शिरायचा.

व्हीगॉसमध्ये चारही पट्ट्यांच्या फेज एकाच वक्रावर बसवतात. विलंबाचा वाटा वारंवारतेबरोबर सरळ रेषेत वाढतो, आयनांबराचा वाटा वारंवारतेला व्यस्त असतो. एका एककामुळे ३ गिगाहर्ट्झला फेज सुमारे १६० अंश सरकते, १०.५ गिगाहर्ट्झला ४६ अंश. या दोन आकारांतल्या फरकावरूनच ते वेगळे होतात. पण मोजलेल्या मर्यादित पट्ट्यात ते पूर्ण वेगळे नसतात. इलेक्ट्रॉनांचा आकडा जरा चुकला तर विलंबही त्याच्यासोबत ओढला जातो. म्हणून वर काढलेले ३ पिकोसेकंद प्रत्यक्षात तेवढे राहत नाहीत, अनिश्चितता काही पटींनी वाढते. खालचा पट्टा शक्य तितका खाली ठेवण्याचा आग्रह असतो तो इथे उपयोगी पडतो. अडथळ्यामुळे खालचा पट्टा टाकून द्यावा लागला तर नुकसान चौथाईपेक्षा कितीतरी जास्त होतं.

ध्रुवणाचीही एक अडचण आहे. एवढ्या रुंद पट्ट्यात चांगलं वर्तुळाकार ध्रुवण देणारं फीड, म्हणजे तबकडीने एकवटलेली लहर टिपणारं तोंड, बनवणं अवघड असतं, म्हणून व्हीगॉसची फीड आडवं आणि उभं अशी रेषीय ध्रुवणं घेतात. पण पृथ्वी गोल असल्याने एका केंद्रावरचं आडवं ध्रुवण दुसऱ्या खंडावर तिरपं किंवा थेट उभं दिसतं. त्यामुळे चारही जोड्या कोरिलेट करून कोनानुसार एकत्र कराव्या लागतात. त्याआधी प्रत्येक केंद्रावर दोन ध्रुवणांच्या मार्गांमधला विलंबाचा आणि फेजचा फरक एखाद्या तेजस्वी स्रोतावरून काढून घ्यावा लागतो. हा फरक तसाच राहिला तर जोड्या एकमेकींना मारतात आणि गुणोत्तर पडतं.

हवा

माझ्या मते बहुतेक मोजमापांत आजही सगळ्यात जड चूक हीच आहे. समुद्रसपाटीला डोक्यावरच्या कोरड्या हवेमुळे लहरीचा मार्ग सुमारे २.३ मीटर लांबतो. पाण्याच्या वाफेमुळे आणखी काही सेंटीमीटरपासून ४० सेंटीमीटरपर्यंत भर पडते. क्षितिजापासून ५ अंशांवर हे सगळं जवळजवळ दहापट होतं.

कोरडा भाग पृष्ठभागावरच्या दाबावरून चांगला काढता येतो: दर हेक्टोपास्कलला २.३ मिलिमीटर. एवढी साधी गोष्टही चुकते. वायुदाबमापक नियंत्रण कक्षात असतो, तर माप लागतं अँटेनाच्या अक्षांच्या छेदबिंदूच्या (हाच केंद्राचा संदर्भबिंदू) उंचीवरचं. समुद्रसपाटीजवळ ८ मीटर उंचीला साधारण १ हेक्टोपास्कल कमी होतो. मापक १५ मीटर खाली असेल आणि ती दुरुस्ती केली नसेल, तर जवळजवळ ४ मिलिमीटरची चूक शिरते. त्यातली बरीचशी ओल्या हवेच्या अंदाजात शोषली जाते, उरलेली केंद्राच्या उंचीत जाते. मापक वर्षातून एकदा प्रमाणित करावा आणि त्याची उंची मोजून नोंदवहीत लिहावी. कमी खर्चात इतकं पदरात पाडणारं दुसरं काम केंद्रावर क्वचितच सापडेल.

ओला भाग दाबावरून कळत नाही. वाफ मोजणारे रेडिओमीटर वापरून पाहिले गेले, पण पावसात आणि दाट ढगांत ते भरवशाचे राहत नाहीत. म्हणून ओला विलंब अज्ञात धरून निरीक्षणांमधूनच काढतात, २० ते ६० मिनिटांच्या टप्प्यांनी. त्यासोबत हवेचा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम कलही काढतात. इथे मूळ पेच येतो. केंद्राची उंची बदलली तर विलंब उन्नतांशाच्या, म्हणजे क्षितिजापासून वरच्या कोनाच्या, साइनप्रमाणे बदलतो. घड्याळ सरकलं तर सगळ्या दिशांना सारखाच बदलतो. हवा बदलली तर साधारण साइनच्या व्यस्तात बदलतो. फक्त डोक्यावरचे क्वेसार पाहिले तर तिन्हींचे परिणाम एकसारखे दिसतात आणि उंचीतली चूक घड्याळात किंवा हवेत मिसळून जाते. त्यांना सोडवायचं तर थोड्या वेळात उंच आणि खाली, सगळ्या दिशांना निरीक्षणं हवीत.

वेगाने फिरणाऱ्या अँटेनांचं महत्त्व इथे आहे. व्हीगॉसची अँटेना दिगंशात (क्षितिजाच्या कडेने मोजलेल्या दिशेत) सेकंदाला १२ अंश आणि उन्नतांशात ६ अंश फिरते. जुन्या मोठ्या तबकड्यांचा बराच वेळ फिरण्यातच जायचा आणि २४ तासांत काही शे स्रोत पाहून व्हायचे. नव्यांना हजाराच्या वर निरीक्षणं जमतात. अंतिम कल्पना दर ३० सेकंदांना एक, म्हणजे दिवसाला २,८८० अशी आहे. हवेची घुसळण मिनिटामिनिटाला बदलत असते. तिचे नमुने दाट घेतले तरच तिचा अंदाज नेमका येतो. वेळापत्रक बनवणाऱ्याने म्हणून निव्वळ निरीक्षणांची संख्या वाढवू नये. प्रत्येक केंद्राचं आकाश दर १५-२० मिनिटांत किती झाकलं गेलं ते पाहावं. सगळी केंद्रं एकच स्रोत पाहत बसली तर एका केंद्राला डोक्यावर दिसणारा स्रोत दुसऱ्याला क्षितिजाला टेकलेला असतो. केंद्रांचे गट पाडून गटागटाला वेगळा स्रोत दिला की वाटणी सुधारते.

क्षितिजाजवळची मापं दुधारी असतात. ती नसतील तर उंची आणि हवा सुटत नाहीत. ती असतील तर उभ्या विलंबाला तिरप्यात बदलणाऱ्या फलनाची चूक आत येते. ५ अंशांपर्यंत खाली गेल्यास तिथल्या विलंबातल्या चुकीचा साधारण पाचवा भाग उंचीत उतरतो, असा ठोकताळा आहे. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात हवामान-प्रारूपांवरून तयार होणारी फलनं रोजच्या हवेप्रमाणे बदलतात. ऋतूंची ठरीव सरासरी वापरण्यापेक्षा ती घ्यावीत. शिवाय खालच्या निरीक्षणांना कमी वजन द्यावं, पण ती टाकू नयेत.

घड्याळ, केबल, पोलाद

प्रत्येक केंद्रावर हायड्रोजन मेसर हे अणुघड्याळ असतं. चांगल्या मेसरची स्थिरता हजार सेकंदांना १० चा उणे १५ वा घात एवढी असते, म्हणजे तेवढ्या वेळात भरकट १ पिकोसेकंदाच्या आसपास. तो तापमान नियंत्रित खोलीत, चुंबकीय गडबडीपासून आणि ये-जा करणाऱ्यांपासून दूर ठेवतात. मेसर क्वचित अडचणीत आणतो. बहुतेक वेळा अडचण मेसर आणि रिसीव्हर यांच्या मधल्या केबलमध्ये असते.

ही केबल नियंत्रण कक्षातून निघून अँटेनाच्या फिरत्या सांध्यातून वर जाते. अँटेना फिरली की ती पिळवटते, ऊन पडलं की लांबते. काळाबरोबर होणारा संथ बदल घड्याळाच्या अज्ञातांत शोषला जातो, त्याची फार चिंता नाही. चिंता दिशेनुसार होणाऱ्या बदलाची. केबलचा विलंब दिगंशाच्या साइनसारखा वर-खाली होत असेल, तर गणिताला ते केंद्र पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकल्यासारखं दिसतं. उन्नतांशाबरोबर बदलत असेल तर केंद्र वर उचलल्यासारखं दिसतं. दहा हजार निरीक्षणांची सरासरी काढली तरी ही चूक जागची हलत नाही.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकत्रच लागतात. पहिला, केबलमधून वर-खाली सिग्नल पाठवून तिचा विलंब सतत मोजणं. दुसरा, फेज कॅलिब्रेशन: रिसीव्हरच्या तोंडाशी अतिशय अरुंद स्पंद सोडायचे, जे वारंवारतेत दर ५ मेगाहर्ट्झला एक अशा सुरांच्या रांगेसारखे दिसतात. जुन्या यंत्रणेत ते दर १ मेगाहर्ट्झला असत. क्वेसारचा सिग्नल आणि हे सूर पुढे एकाच मार्गाने जात असल्याने प्रत्येक चॅनेलची फेज त्यांच्यावरून सरळ करता येते. चार पट्ट्यांचे मार्ग, फिल्टर आणि मिक्सर वेगळे असतात. हे सूर नसतील तर पट्टे एकमेकांना जुळतच नाहीत. सर्वांत वरच्या पट्ट्याची फेज १० अंशांनी चुकली आणि फक्त दोन टोकांचे पट्टे हिशेबात धरले, तर विलंब ४ पिकोसेकंदांनी चुकतो, म्हणजे सगळं अंदाजपत्रक तिथेच संपतं.

केंद्रावर तपासणी करताना हा क्रम ठेवावा. अँटेना एका टोकाच्या वेढ्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावी आणि केबलचं माप नोंदवत जावं. नंतर उलट दिशेने तेच करावं. एकाच दिगंशाला दोन वेढ्यांत वेगळा आकडा आला तर केबल किंवा एखादा कनेक्टर पिळामुळे हलतो आहे. मग सुरांची शक्ती पाहावी. ती प्रणालीच्या नॉईजच्या एखाद टक्क्याच्या आसपास असावी, फार जास्त झाली तर अ‍ॅम्प्लिफायर वाकतो. शेवटी सुराची फेज हळूहळू फिरत असताना त्याची तीव्रता स्थिर राहते का ते बघावं. तीव्रता फेजबरोबर लाटेसारखी हलत असेल, तर त्याच वारंवारतेवर यंत्रणेतूनच गळणारा दुसरा सिग्नल मिसळलेला आहे. अशा सुरावरून केलेली दुरुस्ती चूक वाढवते. गळती कुठून होते ते शोधेपर्यंत तो सूर वगळावा.

अँटेनाचा सांगाडाही स्थिर नसतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर लांबतं. १० मीटर उंच मनोऱ्यात २० अंशांचा फरक पडला की संदर्भबिंदू २.४ मिलिमीटर वर जातो. हिवाळा-उन्हाळ्याचं हे चक्र गणितात घातलं नाही तर जमीनच वर-खाली होते असं वाटतं. हवेच्या तापमानापेक्षा पोलादाचं तापमान काही तास मागे चालतं, म्हणून सेन्सर पोलादात बसवणं बरं.

गुरुत्वाकर्षणाचा परिणाम याहून लबाड आहे. तबकडी क्षितिजाकडे कलली की तिचा आकार आणि नाभीय अंतर (तबकडीपासून लहरी जिथे एकवटतात तिथपर्यंतचं) बदलतं, आणि मार्गातला फरक उन्नतांशाबरोबर सरळ जातो. म्हणजे तो जवळजवळ पूर्णपणे उंचीत शिरतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहत असल्याने पुनरावृत्तीत दिसतही नाही. इटलीतल्या मेदिचिना आणि नोटो इथल्या ३२ मीटरच्या तबकड्या लेझर स्कॅनरने वेगवेगळ्या कोनांत मोजल्या तेव्हा हा परिणाम अनेक मिलिमीटरचा निघाला. ज्या मोठ्या तबकड्या अशा मोजल्या गेलेल्या नाहीत, त्यांच्या उंचीचा आकडा कितीही सुसंगत असला तरी त्यावर मिलिमीटरचा भरवसा ठेवू नये.

क्वेसार बिंदू नसतो

सहा हजार किलोमीटरच्या आधाररेषेवर आकाशातला १ मिलिआर्कसेकंद (अंशाच्या ३६ लाखाव्या भागाएवढा कोन) म्हणजे जवळजवळ ९७ पिकोसेकंद. क्वेसारच्या गाभ्यातून निघणारे झोत याच मापाचे असतात आणि महिन्यांगणिक बदलतात. झोताचं तेज वारंवारतेनुसारही बदलतं, त्यामुळे ३ आणि १० गिगाहर्ट्झला दिसणारा 'मध्य' एकच नसतो. जुन्या पद्धतीत हे सगळं ३० पिकोसेकंदांच्या नॉईजखाली झाकलेलं होतं. व्हीगॉसने नॉईज खाली आणल्यावर ते उघडं पडलं.

ओळखायची चांगली युक्ती आहे. तीन केंद्रांच्या त्रिकोणावरचे तीन विलंब एकाच लहराग्रासाठी फेरीने बेरीज केले तर शून्य यायला हवेत. केंद्राचं घड्याळ, हवा, केबल हे सगळं त्या बेरजेत कटतं. जे उरतं ते नॉईजपेक्षा मोठं असेल तर दोष स्रोताच्या रचनेचा किंवा ध्रुवणाच्या हिशेबाचा. असे स्रोत यादीतून काढावेत किंवा त्यांचं चित्र बनवून दुरुस्ती करावी. आकाशाची सध्याची प्रमाण चौकट आयसीआरएफ३ हिच्यात एस-एक्स बँडचे ४,५३६ स्रोत आहेत, पण अक्ष ठरवायला त्यांतले निवडक ३०३ च घेतले आहेत. ही चौकट १ जानेवारी २०१९ पासून लागू आहे.

चूक कुणाची ते कसं ठरवायचं

विश्लेषणात लघुतम वर्ग पद्धतीने केंद्रांच्या जागा, घड्याळं, हवा आणि पृथ्वीचं वळण एकाच वेळी काढतात. त्याआधी घन पृथ्वीची भरती, जिने जमीन काही दशांश मीटर वर-खाली होते, सागरी भरतीचा भार, हवेच्या दाबाचा भार आणि सूर्याच्या गुरुत्वामुळे लहरीचं वाकणं या गोष्टी प्रारूपातून वजा केलेल्या असतात. सूर्यापासून ९० अंशांवरही हे वाकणं ४ मिलिआर्कसेकंद असतं, म्हणजे ते कधीच सोडून चालत नाही.

संगणक देतो ती औपचारिक अनिश्चितता बहुधा फार लहान असते, कारण एकाच हवेतून घेतलेली दोन निरीक्षणं स्वतंत्र असल्याचं तो धरून चालतो. खरा निकष म्हणजे वेगवेगळ्या दिवशी तीच आधाररेषा किती सारखी येते. वेस्टफर्ड ते गॉडर्ड या सुमारे ६०० किलोमीटरच्या आधाररेषेवर व्हीगॉसच्या सुरुवातीच्या सत्रांत हा विखुरणारा फरक १.६ मिलिमीटर आला. ही पुनरावृत्ती उत्तम आहे. तरी तिने वर सांगितलेल्या स्थिर चुका दिसत नाहीत.

त्या दिसाव्यात म्हणून एकाच आवारातल्या दोन अँटेना वापरतात. वेट्झेलला जुनी २० मीटरची तबकडी आणि १३.२ मीटरच्या जोडदुर्बिणींपैकी एक यांच्यात सुमारे १२० मीटर अंतर आहे. इतक्या जवळ हवा, आयनांबर आणि क्वेसारची रचना जवळपास सारखीच असल्याने कटून जातात. उरते फक्त यंत्रांची चूक. तेच अंतर टोटल स्टेशन या कोन-अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राने जमिनीवरून मोजता येतं. त्यासाठी तबकडीवर लक्ष्यं लावून अनेक कोनांत त्यांच्या जागा घेतात आणि त्या ज्या वर्तुळांवर फिरतात त्यांच्यावरून अक्षांचा छेदबिंदू काढतात, कारण तिथे प्रत्यक्ष हात पोचत नाही. दोन मापं एक मिलिमीटरच्या आत जुळली नाहीत तर केबल, सांगाडा किंवा सर्वेक्षण यांपैकी एकात दोष आहे आणि तो शोधण्याचं काम तिथेच, त्याच आवारात करता येतं.

पृथ्वीच्या प्रमाण चौकटीच्या, म्हणजे सगळ्या केंद्रांच्या जागा जिच्या संदर्भात सांगतात तिच्या, २०२० च्या आवृत्तीत याची गरज ठळकपणे दिसली. चौकटीची लांबीची पट्टी व्हीएलबीआय आणि उपग्रहांवरच्या लेझर मापांवरून ठरते. पण २०१३ च्या उत्तरार्धानंतरच्या व्हीएलबीआय मापांत ही पट्टी सरकत असल्याचं आढळलं. म्हणून पट्टी ठरवताना २०१३.७५ पर्यंतचीच व्हीएलबीआय सत्रं घेतली गेली. पट्टीतली अब्जात एक भाग एवढी चूक म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येवर ६.४ मिलिमीटर, आणि समुद्रपातळीची वर्षाची वाढ याहून कमी आहे. जुनी अँटेना निवृत्त करण्यापूर्वी ती नव्या अँटेनाशेजारी पुरेसा काळ चालवून दोघींमधलं अंतर नोंदवणं, जमिनीवरचं सर्वेक्षण ठरावीक काळाने पुन्हा करणं आणि केबल, कनेक्टर, रिसीव्हर बदलल्याची तारीख-वेळ प्रत्येक वेळी नोंदवहीत लिहिणं, ही कामं याच कारणासाठी करायची असतात.